लाइट, काळानिळा डाग आणि एक फॉरवर्ड

आमच्या पाचपाखाडीच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर परवा तोच फॉरवर्ड तिसऱ्यांदा फिरला: 'स्तनाच्या कॅन्सरनंतर लाइट (म्हणजे रेडिएशन) घेऊ नका, लाइटनेच नवा कॅन्सर होतो. घेतली असेल तर नंतरचे डाग साधेच असतात, मॅमोग्राफी नॉर्मल आली की निर्धास्त राहा. नवा कॅन्सर झालाच तर उपाय नाही.' खाली नमस्कारांची रांग. मंडळातल्या एका वहिनींची गाठ नुकतीच काढलीय, सोमवारपासून लाइट सुरू व्हायचीय. त्या घाबरल्या, म्हणून लिहायला बसले.

लाइटने नवा कॅन्सर होतो, हे खोटं नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उठणारा अँजिओसार्कोमा लाइट दिलेल्या जागेच्या कातडीत होऊ शकतो, बहुधा ५ ते १० वर्षांनी. पण तो हजारात एखादीला. आता दुसरं पारडं बघा. स्तन राखून ऑपरेशन झालेल्या १०,८०१ बायकांचा, १७ चाचण्यांतला एकत्रित हिशेब २०११ मध्ये छापून आला. लाइट न घेतलेल्यांपैकी ३५ टक्के जणींचा आजार १० वर्षांत परतला, घेतलेल्यांपैकी १९ टक्के. १५ वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू २५ टक्क्यांवरून २१ वर आले. हजारातल्या एकीला भिऊन शंभरातल्या चौघींवर पाणी सोडायचं? (वयस्कर, कमी धोक्याच्या काही जणींना डॉक्टर स्वतःच लाइट टाळायला सांगतात. ते वेगळं.)

'डाग साधेच असतात' या वाक्याचा मला खरा राग आहे. आधी नको तिथे घाबरवायचं आणि घाबरायच्या जागी थोपटून झोपवायचं! हा अँजिओसार्कोमा बऱ्याचदा गाठ म्हणून येतच नाही. जांभळट, मार लागल्यासारखा, न दुखणारा डाग येतो. बाई म्हणते, लोकलमध्ये कुणाचं तरी कोपर लागलं असेल. माराचा डाग हिरवा-पिवळा पडत दोन-तीन आठवड्यांत जातो. हा जात नाही, पसरतो, कधी वर फोडासारख्या गाठी येतात. लाइट चालू असताना कातडी काळवंडते ते निराळं. काही वर्षांनी नव्याने आलेला डाग दाखवायलाच हवा.

मॅमोग्राफीत तो पुष्कळदा दिसत नाही, फार तर कातडी जाड दिसते. सुईने पेशी काढूनही भागत नाही, कातडीचा पूर्ण जाडीचा तुकडा लागतो. लाइटनंतर रक्तवाहिन्यांचे काही सौम्य बदलही असेच दिसतात. मिक नावाच्या जनुकाच्या प्रती वाढल्यात का, हे तपासून दोन्ही वेगळे ओळखायला मदत होते. रिपोर्ट साफ आला पण डाग वाढतोच आहे, तर दुसऱ्या जागचा तुकडा घ्यायला सांगा. आणि त्या तुकड्याचे मेणातले ब्लॉक आणि काचेवरच्या स्लाइड लॅबमधून मागून घ्या. परळच्या टाटात किंवा खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रात दुसरं मत घ्यायचं तर तेच लागतात.

उपाय आहे, सोपा नाही. आधी छातीचा सीटी, कारण हा फुप्फुसात जातो. मग बहुतेकदा पूर्ण स्तन आणि लाइट लागलेली शक्य तितकी कातडी काढतात, गरज पडली तर पाठीची कातडी आणि स्नायू आणून जागा भरतात. काहींना पॅक्लिटॅक्सेलसारखी केमो. तरी तो परततो, हे लपवण्यात अर्थ नाही. लहान असताना सापडला तर पूर्ण निघण्याची शक्यता जास्त.

वहिनींनी एवढंच विचारलं, पुढे कधी डाग आला तर कुणाकडे जाऊ? म्हटलं, कॅन्सरच्या सर्जनकडे, आणि जाताना लाइटची फाइल न्या. डोस किती, कुठल्या भागाला, सगळं त्यात असतं. त्यांनी ती कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवायचं ठरवलंय.