तेरवीनंतरचे काय?

विधवांच्या दुःखावरील एका लेखात लेखिका म्हणतात की खेड्यात एकत्र कुटुंब असल्यामुळे नवरा गेलेल्या बाईचे दुःख घरात आपोआप वाटले जाते. तेरवीपर्यंत हे खरे आहे. शेजारून पिठले-भाकर येते, सोयरे बसायला येतात. मात्र आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील गावी माझा थोरला भाऊ गेल्यावर पहिला वाद उठला तो सातबाऱ्यावर कोणाचे नाव चढवायचे याचा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हे सारे पहिल्या वर्गातील वारस ठरतात. तरीही वडीलधाऱ्यांनी ‘पोरगं मोठं झालं की पाहू’ म्हणून विषय टाळला आणि ज्या शेतात वहिनी दरवर्षी कापूस वेचत आल्या, त्याच शेतावर त्यांना पीककर्ज मिळाले नाही. बियाण्यासाठी त्यांना धाकट्या दिरापुढे हात पसरावा लागला.

पुढे पुतणीच्या हळदीला त्या स्वयंपाकघरात वडे तळत राहिल्या. ‘येऊ नका’ असे कोणी म्हटले नाही, पण हळदीची वाटीही कोणी पुढे केली नाही. (मांडवात सगळे घरचेच होते.) कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि शासनानेही इतर गावांना तसे आवाहन केले. तसा ठराव आमच्याकडेही होऊ शकेल, पण वारसनोंदीचा अर्ज घेऊन तलाठ्याकडे जाणारा माणूस घरातूनच निघावा लागतो, आणि आमच्या घरातून तो निघाला नाही.