‘जे विकतं तेच दाखवतात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दुकानांच्या जाहिरातींवरच्या माझ्या मागच्या लेखावर काल रात्री एक लांबलचक प्रतिक्रिया आली. मोठ्या दुकानांच्या पत्रकांत, फलकांवर आणि ऑनलाइन पानांवर साफसफाई, मुलं आणि सजणं बाईच्या वाट्याला येतं, तर अवजारं, वेग आणि विज्ञान पुरुषाच्या वाट्याला. ही वाटणी ग्राहक दुकानात पाऊल टाकण्याआधीच विकणाऱ्याने करून ठेवलेली असते, एवढंच मी त्या लेखात म्हटलं होतं. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा मुख्य भाग जसाच्या तसा देते:

‘ताई, लेख भावनेच्या भरात लिहिलाय. जरा व्यवहार समजून घ्या. दुकानदाराला बाई-पुरुष याचं काही पडलेलं नसतं, जे विकतं तेच तो दाखवतो. तुम्हाला कधी काउंटरच्या पलीकडे उभं राहून चार वस्तू विकाव्या लागल्या असत्या तर हे लिहिलं नसतं.’

त्यापुढे आणखी तीन मुद्दे आहेत. जाहिरातींत पुरुषांचीही टिंगल होते, ती मला दिसत नाही. जोडायच्या ठोकळ्यांची खेळणी बनवणाऱ्या लेगो कंपनीने मुलींसाठी वेगळी मालिका काढली तेव्हाच मुली लेगोकडे वळल्या. आणि आवडत नसेल तर घेऊ नका, बळजबरी कोणी केली आहे?

आधी सुराबद्दल बोलते, कारण त्याकडे कानाडोळा करून पुढे जाणं मला जमत नाही. मतभेदाचं मला वावडं नाही. इथे नेहमी येणाऱ्या वाचकांना ते माहीत आहे. पण ‘जरा व्यवहार समजून घ्या’ हा मतभेद नाही. समोरची व्यक्ती अडाणी आहे असं आधी ठरवून मग बोलायला सुरुवात करणं आहे ते. काही दिवसांपूर्वी याच ठिकाणी माझ्या एका मित्राने विम्याच्या जाहिरातींवर लिहिलं होतं. त्याच्या लेखात माझ्या लेखापेक्षा कितीतरी जास्त संताप होता. त्याला कोणीही भावनेच्या भरात लिहिल्याचं सुनावलं नाही. तुम्हीही तिथे प्रतिक्रिया दिली होती, मी पुन्हा जाऊन पाहिली. ‘सर, दुसऱ्या मुद्द्याला काही आधार देऊ शकाल का?’ असं तुम्ही अदबीने विचारलं होतंत. हाच प्रश्न मला विचारला असतात तर रात्रीच आधार दिला असता. मला मात्र आधार मागितला गेला नाही, शिकवणी दिली गेली. आणि ज्या लेखात बाईला गृहीत धरण्याबद्दल लिहिलं आहे, त्याच लेखाखाली हे घडावं, याचं तुम्हाला काहीच वाटू नये?

एक गोष्ट मान्य करते. पुरुषांबद्दल लेखात एकच परिच्छेद होता आणि तोही शेवटाकडे होता. तो थोडा वर घ्यायला हरकत नव्हती.

आता काउंटरच्या पलीकडे उभं राहण्याबद्दल. मी उभी राहिले आहे. शिक्षण संपल्यावरची माझी पहिली नोकरीच ती. एका मोठ्या साखळी दुकानात, खेळण्यांच्या विभागात. नंतर त्याच दुकानाच्या जाहिरात विभागात पत्रकांचा आणि फळ्यांवरच्या पट्ट्यांचा मजकूर लिहिण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. त्यामुळे कुठली वस्तू कशी विकली जाते हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. उलट बाहेरच्यांना जे दिसत नाही तेच सांगते.

दुकानात माल कुठे लावायचा हे मजल्यावरचा माणूस ठरवत नाही. मुख्यालयातून प्लॅनोग्राम येतो. कुठल्या फळीवर कुठली वस्तू, किती रांगांत, डोळ्यांच्या उंचीवर की गुडघ्याशी, सगळं त्यात आखलेलं असतं. आमच्या विभागाच्या प्लॅनोग्राममध्ये सूक्ष्मदर्शक, चुंबकांचे संच, छोट्या मोटारी जोडायचे खोके हे सगळं निळ्या फलकाखाली असायचं. मणी ओवण्याचे संच, बाहुल्या, खोटी भांडी गुलाबी फलकाखाली. एखादी मुलगी सूक्ष्मदर्शकापाशी रेंगाळली की सोबतचं मोठं माणूस वर फलकाकडे बघायचं आणि ‘अगं, ते मुलांचं आहे’ म्हणून तिला हाताला धरून पलीकडच्या रांगेत न्यायचं. एखादा मुलगा खोट्या भांड्यांकडे गेला तर त्याला जरा जास्तच घाईने बाजूला घेतलं जायचं. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. त्या मोठ्या माणसांना मी दोष देत नाही. फलक आम्ही लावला होता, त्यांनी तो वाचला.

संध्याकाळी विक्रीचा अहवाल निघायचा. त्यात ती मुलगी कुठे असायची? कुठेच नाही. न झालेली खरेदी बिलात उमटत नाही. मग महिन्याच्या बैठकीत पडद्यावर आकडे यायचे आणि कोणीतरी वरिष्ठ म्हणायचे, ‘मुलींमध्ये विज्ञानाच्या संचांना मागणी नाही.’ हे त्यांना कळलं कसं? बिलावर वस्तूचं नाव असतं, किंमत असते, वेळ असते. ती वस्तू मुलाच्या हातात जाणार की मुलीच्या, हे कुठल्याही बिलावर नसतं. निळ्या फलकाखालचा माल खपला की तो मुलांनी घेतला असं आम्हीच लिहून घ्यायचो. फळीला दिलेलं लेबल ग्राहकाला चिकटवायचं आणि मग तीच ग्राहकाची आवड म्हणून पुढच्या वर्षीचा प्लॅनोग्राम आखायचा. तुम्ही ज्याला ‘जे विकतं ते’ म्हणता, ते आमच्याकडे असं तयार व्हायचं.

जाहिरात विभागात तर आकड्यांचाही आधार लागत नसे. सफाईच्या सामानाचं पत्रक निघायचं तेव्हा छायाचित्रकाराला जाणाऱ्या ब्रीफमध्ये, म्हणजे फोटो कसा हवा याच्या सूचनांत, ‘आई, तिशीतली, हसरी’ असं लिहिलेलं असायचं. वर्षानुवर्षं तेच, फक्त तारीख बदलायची. एकदा मी सुचवलं की या वेळी फरशी पुसणारा पुरुष घेऊ या. उत्तर आलं, ‘ग्राहकांना रुचणार नाही.’ कोणत्या ग्राहकांना विचारलं, असं मी विचारलं. कोणालाच विचारलं नव्हतं. दोन पत्रकं छापून दोन भागांत वाटू आणि विक्रीत काय फरक पडतो ते बघू, असंही मी म्हटलं. तशा चाचण्या आम्ही किमतींच्या बाबतीत सर्रास करत होतो. तेवढ्यासाठी खर्च नको, असं ठरलं. तो फोटो कधी काढलाच गेला नाही, मग तो विकला असता की नसता हे कळणार कसं? आणि आज तुम्ही मला सांगता की दुकानदार विकतं तेच दाखवतो. साहेब, जे त्याने कधी दाखवलंच नाही ते विकत नाही हे त्याला कुठून समजलं?

‘दुकानदाराला बाई-पुरुष याचं काही पडलेलं नसतं’ हे तुमचं वाक्य मी अनेकदा वाचलं. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2015 मध्ये जवळजवळ 800 वस्तूंची तुलना केली. पुरुषांसाठीची आणि बायकांसाठीची जवळपास सारखीच वस्तू शेजारी शेजारी ठेवून किंमत पाहिली. बायकांची वस्तू सरासरी 7 टक्के महाग निघाली. शांपू, रेझर अशा वैयक्तिक वापराच्या वस्तूंमध्ये तर 13 टक्के. तुलनेतल्या 42 टक्के वेळा बायकांची वस्तू महाग होती, पुरुषांची फक्त 18 टक्के वेळा. याच अहवालातलं मुलांच्या स्कूटरचं उदाहरण जगभर गाजलं. लाल स्कूटर साधारण 25 डॉलरला, तीच स्कूटर गुलाबी रंगात साधारण 50 डॉलरला. ती यंत्रणेतली चूक होती असं ती विकणाऱ्या दुकानाने नंतर सांगितलं आणि किंमत खाली आणली. ठीक आहे, ती एक चूक धरू. पण शेकडो वस्तूंच्या सरासरीला चूक म्हणता येत नाही. बाई-पुरुष याचं काही पडलेलं नसतं तर एकाच मालावर दोन रंग आणि दोन किमती कशाला लागल्या असत्या? पडलेलं असतं. चांगलंच पडलेलं असतं. माल दोनदा विकता यावा, भावाची सायकल बहिणीला चालू नये, नवी घ्यावी लागावी, यात दुकानाचा सरळ फायदा आहे. माझ्या जुन्या कार्यालयात हे कोणी लपवतही नव्हतं.

हे फलक ग्राहकांच्या मनातून उगवलेले असतात तर कोणी बोट दाखवलं म्हणून खाली आले असते का? अमेरिकेतल्या टार्गेट या साखळी दुकानात 2015 मध्ये एका रांगेवर दोन ओळी होत्या: ‘बांधकामाचे संच’ आणि त्याखाली ‘मुलींचे बांधकामाचे संच’. एका आईने त्याचा फोटो काढून ट्विटरवर टाकला. दोन-अडीच महिन्यांत टार्गेटने खेळण्यांच्या विभागातून मुलगा-मुलगी अशी वर्गवारी काढण्याचं जाहीर केलं. ब्रिटनमध्ये बूट्स या दुकानाने विज्ञानाची खेळणी ‘मुलगे’ अशा फलकाखाली ठेवल्याबद्दल 2013 मध्ये ग्राहकांनी जाब विचारला, तेव्हा त्यांनीही ते फलक उतरवले. ही माणसं ग्राहकच होती ना? की तक्रार करणारी बाई तुमच्या हिशेबात ग्राहक धरली जात नाही?

आणि फक्त रंगाचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलंही नसतं. 2016 मध्ये गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या ब्रिटनमधल्या जाहिरातीत आइन्स्टाइनच्या चित्राचा टीशर्ट घातलेल्या मुलाला ‘छोटा विद्वान’ म्हटलं होतं, आणि शेजारच्या मुलीच्या वाट्याला आली होती मैदानावर सगळ्यांच्या तोंडी असण्याची शाबासकी. त्याआधी 2011 मध्ये जेसीपेनी या अमेरिकेतल्या साखळी दुकानाने मुलींसाठी एक टीशर्ट विकायला ठेवला होता. त्यावर लिहिलं होतं की मी इतकी सुंदर आहे की अभ्यास करू शकत नाही, माझा अभ्यास भावाला करावा लागतो. ओरड झाल्यावर तो लगेच मागे घेतला. पण विचार करा, तो कोणीतरी लिहिला, कोणीतरी मंजूर केला, छापला, त्याचा फोटो काढला, विक्रीसाठी लावला. मी त्या साखळीतली सगळी टेबलं ओळखते. इतक्या टेबलांवरून एक वाक्य जातं आणि कोणालाही ते खटकत नाही, हीच तर माझ्या लेखाची तक्रार होती. तुम्ही त्याला भावना म्हणता.

उरलेल्या मुद्द्यांवर थोडक्यात लिहिते, कारण त्यांत फार दम नाही.

पुरुषांची टिंगल होते, बरोबर. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या ब्रिटनच्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटीने घातक लिंगभेदी ठशांविरुद्धचा, म्हणजे बाई अशीच आणि पुरुष असाच असं साचेबंद दाखवण्याविरुद्धचा, नियम जून 2019 मध्ये लागू केला. ऑगस्टमध्ये त्याखाली पहिल्या दोन जाहिराती थांबवल्या. त्यातली एक फिलाडेल्फिया चीजची होती, नव्या बापांना बाळ सांभाळता येत नाही असं दाखवणारी. दुसरी फोक्सवॅगनची. तिच्यात पुरुष धाडसं करत होते आणि बाई बाबागाडीशेजारी बसली होती. म्हणजे ज्या नियमाची मी बाजू घेते त्याने पहिल्याच फटक्यात पुरुषांचाही कैवार घेतला. भारतात ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स काउन्सिलने 2022 मध्ये आणलेली मार्गदर्शक तत्त्वंही स्त्री आणि पुरुष दोघांबद्दल बोलतात. बाळ सांभाळणारा बाप वेंधळा दाखवला जातो, कारण ते काम बाईचं हे आधीच ठरलेलं असतं. तुमचा मुद्दा माझ्याच मुद्द्याची दुसरी बाजू आहे.

लेगोची ‘फ्रेंड्स’ मालिका 2012 मध्ये आली आणि खपली, यात वाद नाही. पण याच कंपनीने 1981 मध्ये जीन्स घातलेली, स्वतः रचलेली वस्तू हातात धरून हसणारी मुलगी जाहिरातीत दाखवली होती, तेच साधे रंगीत ठोकळे विकायला. आणि 2021 मध्ये आपली उत्पादनं आणि जाहिराती लिंगभेदी ठशांपासून मुक्त करण्याचं काम हाती घेतल्याचं याच कंपनीने जाहीर केलं. याहून जास्त लिहायची मला गरज वाटत नाही.

‘आवडत नसेल तर घेऊ नका’ हे वाक्य प्रत्येक वादात कोणीतरी आणतंच. पाच वर्षांचं मूल काय घेणार आणि काय नाकारणार? त्याला जे दाखवलं जातं त्यातून ते निवडतं. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. तिथे 500 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आणि मुलांच्या वस्तू विकणाऱ्या मोठ्या दुकानांना 1 जानेवारी 2024 पासून मुलगा-मुलगी असा भेद नसलेला विभाग ठेवावा लागतो. मुलामुलींचे वेगळे विभाग काढून टाका असं तो कायदा म्हणत नाही, शेजारी एक मोकळी जागा ठेवा एवढंच म्हणतो. एवढं मागणाऱ्यांनाही बळजबरी करणारे ठरवायचं असेल तर आपलं पटणं कठीण आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. तिच्याखाली काही वाचकांनी तुमच्याबद्दल वाईट शब्दांत लिहिलं होतं, ते मात्र मी काढलं. पुन्हा लिहाल तेव्हा बिलाबद्दल लिहा, किमतींबद्दल लिहा, त्या कधीच न काढलेल्या फोटोबद्दल लिहा. मी सविस्तर उत्तर देईन. माझ्या स्वभावाबद्दल किंवा मला व्यवहार कितपत कळतो याबद्दल लिहिलंत तर उत्तर देणार नाही.