चेंबर, जाळी आणि मी

गाडी सिग्नलला उभी असताना डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला. हे चित्र जादूच्या दिव्यासारखं दिसतं. त्यातून जिन बाहेर येईल असं वाटतं. प्रत्यक्षात बाहेर पडलो मी, हातात पाना घेऊन. असा दिवा लागला की इंजिन ताबडतोब बंद करायचं, एवढं शहाणपण माझ्यात होतं. त्यापुढे मेकॅनिकला बोलवायचं, एवढं नव्हतं.

आधी संशय तेलाचा दाब ओळखणाऱ्या सेन्सरवर. गरिबावर आळ घेणं सोपं. डिपस्टिकवर तेल पुरेसं होतं, म्हणून सेन्सर काढून त्या जागी साधा प्रेशर गेज बसवला आणि इंजिन क्षणभर चालू केलं. काटा शून्याजवळच लोळत पडला. सेन्सर निर्दोष सुटला.

मग तेल भरायचं झाकण उघडलं. आतून पिवळट, दुधाळ लगदा चिकटलेला. तेलात पाणी! इंजिन थंड ठेवणारं कूलंट तेलात मिसळू न देणारं सील, म्हणजे हेड गॅस्केट, गेलं म्हणून मी मनातल्या मनात सुतकच धरलं. पण कूलंटची पातळी तसूभरही उतरली नव्हती. मग पाणी आलं कुठून?

पेट्रोलमधूनच. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी पिस्टनच्या रिंगांना चकवून खाली उतरते आणि थंड इंजिनात तिचं पाणी होतं. इंजिन बराच वेळ नीट तापलं तर ते उडूनही जातं. माझी रोजची धाव मात्र दीड किलोमीटर. गाडी झिजू नये म्हणून!

तरी खात्री हवी. तापलेल्या तव्यावर तेलाचा थेंब टाकायचा. पाणी असेल तर तडतडतो. तव्याचं तापमान दीडशे अंशांच्या आसपास हवं. तो थेंब असा तडतडला की बायको धावत आली.

"हे काय चाललंय?"

"चाचणी."

"तव्याची की माझी?"

पुढची चाचणी शांततेत करायची ठरवली. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे रात्रभर उभ्या गाडीत ते चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तळाशी बसतं. सकाळी खाली बरणी धरून तेल सोडायचा ड्रेन बोल्ट अगदी थोडा सैल केला की पहिले थेंब पाण्याचे. 'अगदी थोडा' हे शब्द मी नंतर नीट वाचले. बोल्ट माझ्या हातात आला, आणि पाठोपाठ सगळं तेल बाहीतून काखेपर्यंत. बरणी बाजूला कोरडी उभी होती. पहिला थेंब कशाचा होता, हे आता फक्त माझ्या बनियनला ठाऊक.

एवढं झाल्यावर चेंबर उतरवणं म्हणजे किरकोळ काम. (किरकोळ कामाला पाच तास लागले.) आत तेल वर ओढणाऱ्या पंपाची शोषनळी, तिच्या तोंडाला जाळी. ही जाळी फक्त मोठा कचरा अडवते. बारीक गाळणं फिल्टरचं काम, आणि तो पंपाच्या पुढे असतो. म्हणजे जाळीच बुजली तर पंप बिचारा उपाशी. हिच्यावर काळा, चिकट गाळ होता खरा, पण बोटाने पुसता येईल इतकाच. भोकं बुजवली होती दुसऱ्याच कशानेतरी: रबरासारख्या लवचिक, निळ्या अळ्यांनी.

निळ्या?

दोन वर्षांपूर्वी हाच चेंबर गळत होता, तेव्हा मी स्वतः निळं सीलंट लावून तो बसवला होता. सढळ हाताने. जास्त लावलं की जास्त घट्ट बसतं, हा माझा सिद्धान्त. बाहेर आलेलं मी मोठ्या टापटिपीने पुसलं. तेवढंच आतही आलं असणार, हे मनात आलं नाही. ते लोंबकळत राहिलं, तुटलं, आणि तुकडा तुकडा करत थेट जाळीवर जाऊन बसलं.

"काय सापडलं?" वरून आवाज आला.

"गाळ. आणि पाणी," मी म्हणालो आणि निळे तुकडे मुठीत दाबले.

"बरं. आता बाहेर ये आणि तवा घास."