पुस्तकापासून जपून राहा

पहाटे पाव विकायला येणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजल्यापासून रात्री फाटकाला कुलूप लागेपर्यंत सून, पत्नी, आई, वहिनी आणि कचेरीतल्या मॅडम अशा पाच जणींना एकाच देहात नांदवणाऱ्या माझ्या भगिनींनो, तुमच्या हिताची एक गोष्ट अनुभवाने सांगते. काहीही करा, पण हातात पुस्तक धरू नका.

मोबाईल अवश्य धरा. मोबाईलमध्ये मान घालून बसलेली बाई कामात आहे, असे सगळे घर धरून चालते. ती मुलाचा गृहपाठ पाहत असेल, गॅस नोंदवत असेल, नाहीतर कुणाच्या बाराव्याचा निरोप वाचत असेल. पुस्तक धरलेली बाई मात्र रिकामी असते. मी तासभर मोबाईल पाहिला तर आमच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, पण पुस्तकाचे दुसरे पान उलटते न उलटते तोच सासूबाईंना नारळ खवायचा राहिल्याचे आठवते, धाकट्याला भूक लागते आणि ह्यांना कपाटात समोरच ठेवलेला बनियन दिसेनासा होतो.

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा बांगडे साफ करण्याचा वेळ वाचेल आणि त्यात एक कादंबरी उरकेल, असा हिशेब मी एका पावसाळ्यात केला होता. तुम्ही करू नका. सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, डोकी आणि शेपट्या खुडण्यात तो वेळ व्याजासकट जातो. किसमूर, म्हणजे त्यांची कोशिंबीर, कालवताना एका हाताने पान उलटण्याचा प्रयत्नही करू नये. माझ्या अंगठ्याचा असा ठसठशीत, तेलकट ठसा त्या कादंबरीत उमटला की, पुस्तक परत करताना वाचनालयातल्या बाईंनी आधी पानाकडे आणि मग माझ्या अंगठ्याकडे पाहिले. चवथीच्या आधीचा पंधरवडा तर सोडूनच द्या. गणपतीच्या डोक्यावरच्या माटोळीला बांधायच्या फळांची यादी, एवढेच त्या दिवसांतले वाङ्मय.

ज्यांची कचेरी पणजीत आहे त्यांनी विशेष जपावे. पाटो येथे, कदंब बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. पोर्तुगीज अमदानीत, १८३२ साली सुरू झालेली ही संस्था देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत गणली जाते आणि २०१२ पासून तिला ही नवी, प्रशस्त इमारत मिळाली आहे. दारूच्या दुकानाने देवळापासून ठरावीक अंतर राखावे असा नियम असतो. मग घराकडे निघालेल्या सोशिक बायकांच्या वाटेत मजल्यांवर मजले पुस्तके रचताना कुणालाच काही वाटू नये? आत थंडावा असतो, शांतता असते आणि सर्वांत घातक म्हणजे तिथे तुम्हाला कुणी अगं, आई किंवा मॅडम म्हणत नाही. पुस्तकातल्या सासूला ताप भरला तरी पेज करायला आपल्याला उठावे लागत नाही. तिच्या मुलाची परीक्षा, तिच्या दिराचे कर्ज, सगळे परस्पर निस्तरले जाते. अशा निष्काळजीपणाची एकदा चटक लागली की, घरी आल्यावर बनियन शोधण्यातला आनंद कमी होतो. मी हे पाहिले आहे.

बसमध्ये वाचणे त्याहून वाईट. मागच्या महिन्यात मी पणजीहून थांबत थांबत जाणाऱ्या फोंड्याच्या बसमध्ये बसले, शटलमध्ये नव्हे, कारण मला म्हार्दोळला उतरायचे होते. बाणस्तारीचा पूल गेला एवढे आठवते. पुढे कंडक्टरने खांद्याजवळ येऊन, "बाई, फोंडा आलं," असे सांगितले, तेव्हा गाडीत मी एकटीच उरले होते आणि गोष्टीतल्या नायिकेने नुकताच दरवाजा ठोठावला होता.

स्थानकावरच्या बाकावर बसले. ह्यांचा फोन आला, "कुठे आहेस? अजून कशी नाही आलीस?" मी म्हटले, "बसच मिळत नाही हो, काय करू?" समोरून म्हार्दोळवरून जाणारी दुसरी बस निघत होती. दरवाजा उघडायला अजून चार पाने होती.