खुलासा : 'मिरॅकल ऑन आइस' हा अंतिम सामना नव्हता

१९८०च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने सोव्हिएत आइस हॉकी संघाला 'अंतिम सामन्यात' हरवून सुवर्ण जिंकलं, असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडला २२ फेब्रुवारीला सोव्हिएत संघाविरुद्ध अमेरिका ४-३ जिंकली हे खरं, याच विजयाला 'मिरॅकल ऑन आइस' (बर्फावरचा चमत्कार) म्हणतात, पण तेव्हा अंतिम सामना नव्हताच. चार संघांची पदकफेरी गुणांवर चालली होती. सुवर्ण ठरलं २४ फेब्रुवारीला. फिनलंडविरुद्ध दोन सत्रांनंतर अमेरिका १-२ अशी मागे होती, मग तिसऱ्या सत्रात तीन गोल करून तिने ४-२ने बाजी मारली. फिनलंडची ती झुंज विसरणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि सोव्हिएत हॉकी संघ अमेरिकेकडून झालेल्या त्या पराभवाने संपला नाही. १९८४ आणि १९८८चं सुवर्ण त्यांचंच.