लिटरेचर सर्कल वाचनविज्ञानाने मोडीत काढले आहे काय?

प्राथमिक वर्गात वाचन कसे शिकवावे, यावर बोलताना अलीकडे एक विधान मोठ्या आत्मविश्वासाने केले जाते. ते असे: 'लिटरेचर सर्कल ही पद्धत वाचनविज्ञानाने खोटी ठरवली आहे. मुले गटात बसून गप्पा मारतात, शिक्षक मोकळे राहतात आणि ज्यांना वाचता येत नाही ती मुले मागेच पडतात. शिवाय हे परदेशी चोचले आपल्या शाळांना परवडणारे नाहीत.' वाचनविज्ञान म्हणजे मुले वाचायला कशी शिकतात यावरचे संशोधन. या विधानात अनेक आक्षेप एकत्र गुंफलेले आहेत आणि त्यांपैकी एक बराचसा खरा आहे, म्हणून ते सुटे करून तपासले पाहिजेत.

मुळात पद्धत अशी की चार-पाच मुलांचा गट स्वतः निवडलेले एक पुस्तक टप्प्याटप्प्याने वाचतो, वाचताना टिपणे काढतो आणि ठरलेल्या दिवशी त्यावर चर्चा करतो. अमेरिकेतील काही शिक्षकांनी १९८०च्या दशकात हे प्रयोग केले आणि शिक्षणतज्ज्ञ हार्वी डॅनियल्स यांच्या १९९४ सालच्या पुस्तकामुळे ते दूरवर पोहोचले.

आता 'विज्ञानाने खोटे ठरवले' हा दावा. त्यासाठी ज्या अहवालाकडे बहुतेक वेळा बोट दाखवले जाते, तो अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञसमितीचा २००० सालचा अहवाल. अक्षर-ध्वनी संबंध पद्धतशीरपणे शिकवावा असे त्यात ठामपणे म्हटले आहे, हे खरेच. मात्र आकलनाविषयीच्या भागात मुलांनी स्वतः प्रश्न तयार करणे, सारांश सांगणे आणि सहकारी पद्धतीने एकत्र शिकणे यांनाही पुराव्याचा आधार असल्याची नोंद आहे. याचा अर्थ लिटरेचर सर्कलला त्या अहवालाने प्रमाणपत्र दिले असा होत नाही. पण ते मोडीत काढले असाही होत नाही. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली मांडलेले सूत्र तर वाचन म्हणजे उलगडा (अक्षरांवरून शब्द ओळखणे) आणि भाषेचे आकलन यांचा गुणाकार असेच सांगते, आणि गुणाकारात दोन्ही संख्यांना सारखेच महत्त्व असते. मराठीची लिपी बरीच नियमित असल्यामुळे बाराखडी आणि जोडाक्षरे पक्की झालेले मूल धडा खडाखडा वाचून दाखवते. परंतु धड्यात काय घडले असे विचारले की गप्प बसते. चौथीच्या वर्गावर शिकवणाऱ्या कोणालाही हे मूल ओळखीचे आहे. लिटरेचर सर्कल आहे ते या मुलासाठी. अक्षरओळख करून देणे हे त्याचे काम कधीच नव्हते.

गप्पांचा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि खरा आहे तो हाच. मर्फी, विल्किन्सन आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी २००९ साली चर्चापद्धतींवरील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. बहुतेक पद्धतींमुळे मुलांचे बोलणे वाढते, पण बोलणे वाढले म्हणून आकलन वाढतेच असे नाही, असे त्यांना आढळले. यावरून चर्चा बंद करावी असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल, कारण प्रश्न बोलणे कशाविषयी आहे हा आहे. चिऊ-काऊची गोष्ट घ्या. 'गोष्ट आवडली का?' या प्रश्नाला 'हो' एवढेच उत्तर येते आणि चर्चा संपते. त्याऐवजी 'बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते, असे चिऊ सांगते ती खरी कारणे आहेत की दार न उघडण्याच्या सबबी?' असे विचारले, तर मुलांना गोष्टीकडे परत जावेच लागते. एक जण सबब म्हणेल, दुसरी म्हणेल की लहान बाळ असलेल्या घरात ही कामे असतातच, आणि दोघांनाही आपले म्हणणे गोष्टीतल्या शब्दांवरून पटवून द्यावे लागेल. आकलन घडते ते या ओढाताणीत.

अनेक वर्गांत हे घडत नाही, याचे एक कारण भूमिकांचे छापील तक्ते. प्रश्न विचारणारा, सारांश सांगणारा, चित्र काढणारा अशा भूमिका डॅनियल्स यांनी सुरुवातीचा आधार म्हणून सुचवल्या होत्या. पण मुले पाळीपाळीने आपला कागद वाचून दाखवतात आणि तास संपतो, असे होऊ लागल्यावर २००२च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनीच या तक्त्यांच्या अतिवापराविषयी सावध केले. तयार तक्ते डाउनलोड करून वाटणे म्हणजे लिटरेचर सर्कल घेणे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिक्षक मोकळे राहतात हे म्हणणे फारसे टिकत नाही. पॅलिन्सर आणि ब्राउन या संशोधकांच्या वाचन-आकलनावरील १९८४च्या प्रयोगात भाकीत करणे, प्रश्न विचारणे, अडलेले स्पष्ट करणे आणि सारांश सांगणे या चारही गोष्टी आधी मोठ्यांनी करून दाखवल्या आणि मगच हळूहळू मुलांवर सोपवल्या. ही तयारी टाळली तर गट भरकटतो, आणि ती चूक पद्धतीची नसते.

वाचनात मागे असलेल्या मुलांची काळजी रास्त आहे. अक्षरे शिकवण्याचा वेळ काढून गटचर्चा घेतली, तर नुकसान त्यांचेच होईल. पहिली-दुसरीत रोजचा अक्षरपाठ आणि शिक्षकांनी मोठ्याने वाचून दाखवलेल्या गोष्टीवर सगळ्या वर्गाने बोलणे पुरेसे आहे. छोटे गट तिसरीपासून करावेत. त्यातही अडखळत वाचणाऱ्या मुलाला जोडीदाराने मजकूर वाचून दाखवला, तर ते चर्चेत पूर्ण भाग घेऊ शकते, कारण या वयात ऐकून समजणे वाचून समजण्याच्या बरेच पुढे असते. घरी अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारे मूल चाळीस जणांसमोर तोंड उघडत नसले, तरी चौघांत आपल्या बोलीत बोलू लागते. हुशारांचा एक आणि कच्च्यांचा एक असे गट पाडले, तर मात्र हे सगळे व्यर्थ.

राहिला खर्च. एकाच कादंबरीच्या पाच-पाच प्रती लागतात हा समज परदेशी वर्णनांवरून आलेला आहे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. त्यातली दोन पानांची एक कथा छापून घेतली की एका गटाचे आठवड्याचे काम भागते. द्विशिक्षकी शाळेत तर शिक्षक पहिली-दुसरीचा अक्षरपाठ घेत असताना तिसरी-चौथीची मुले एरवी फळ्यावरचा मजकूर वहीत उतरवत बसलेली असतात. तोच वेळ त्यांना कथा वाचून आपापले प्रश्न लिहून ठेवायला देता येईल, आणि अक्षरपाठ संपल्यावर शिक्षकांनी दहा मिनिटे गटात बसून त्यांतला एखादा प्रश्न चर्चेला घ्यावा.