भाच्याच्या गेममधली बाई आणि अक्काला आलेला मेसेज

मंगळवारी रात्री साडेदहाला अक्काचा फोन आला. आधी नुसतं रडणं. मग म्हणाली, "तू कॉम्प्युटरमधला आहेस, खरं सांग, माझ्या पोराला काय झालंय?"

भाचा अकरावीत आहे. मोबाईलवरच्या गेममध्ये त्याने एक बाई घेतली आहे. लांब वेणी, हातात काठी, काम काय तर लढाईत जखमी झालेल्यांना बरं करायचं. एवढे दिवस ती कुणाच्या डोळ्यांत खुपली नव्हती. पण त्या दुपारी अक्काच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर एक मेसेज पडला, संध्याकाळी दाजी कारखान्यातून आले, त्यांनी पोराचा मोबाईल उघडून बघितला आणि दोन कानाखाली दिल्या. मोबाईल कपाटात, कपाटाला कुलूप. पोरगा न जेवता झोपला.

मेसेज मलाही तीन ग्रुपवर आलाय, त्यामुळे थोडक्यात सांगतो. जो मुलगा ऑनलाइन गेममध्ये बाईचं पात्र घेऊन 40 दिवस खेळतो, त्याच्या अंगात स्त्रीचे हार्मोन वाढतात, छाती वाढते, आवाज बारीक राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने हा आजार म्हणून जाहीर केलाय. परदेशी कंपन्या आपल्या पोरांना नेभळट करण्यासाठी हे मुद्दाम करतात. कायद्याने हा गुन्हा आहे, कलम 66 ड. आपल्या संस्कृतीत असलं कधी नव्हतं. उपाय काय, तर मोबाईल फोडा, पोराला चोप द्या, वीस जणांना पाठवा.

हार्मोनचं आधी घेतो, कारण मार त्याच्यामुळे बसला.

पडद्यावर काय दिसतंय यावरून शरीर बाईचं की पुरुषाचं हे ठरत नाही. मुलाच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन मुख्यतः वृषणांत तयार होतं, आणि ते किती करायचं याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतो. त्या ग्रंथीला वेणी दिसत नाही. इस्ट्रोजेन तर प्रत्येक पुरुषाच्या अंगात थोडं असतंच, दाजींच्याही आणि माझ्याही. 40 हा आकडा कुठल्या प्रयोगातून आला, कुणावर केला, कुठे छापला, याचा मेसेजमध्ये एक शब्द नाही.

पण ही थाप नुसती खोटी असती तर मी एवढा चिडलो नसतो. वयात येताना कितीतरी मुलांच्या छातीला थोडी सूज येते, आत गाठीसारखं लागतं, दुखतं. डॉक्टर त्याला गायनेकोमास्टिया म्हणतात. वयात येतानाच्या हार्मोनच्या चढउतारामुळे ते होतं आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरतं. आवाजही सगळ्यांचा एकाच वर्षी फुटत नाही. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने अशी लक्षणं निवडली आहेत, जी गेमला कधी हात न लावलेल्या धडधाकट पोरांतही दिसतात. त्या वयाचा पोरगा आधीच शर्ट सैल घालून फिरत असतो, वर्गात पोरं चिडवत असतात. घरी येऊन हे आईला सांगावं असं त्याला वाटत असेल, तर हा मेसेज वाचलेल्या आईला तो कधीच सांगणार नाही. सूज वर्षभरात गेली नाही, फार दुखली किंवा वाढत राहिली तर डॉक्टरकडे जायचं. चोप हे त्यावरचं औषध नाही.

आता जागतिक आरोग्य संघटना. इथे अर्धी गोष्ट खरी आहे, आणि ती मला मान्य करावीच लागेल. संघटनेच्या आजारांच्या 11व्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, 1 जानेवारी 2022 पासून ते लागू झालं. पण त्यात काय म्हटलंय? खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होतो, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं, आणि हे साधारण 12 महिने टिकतं. पात्र बाईचं की पुरुषाचं, याचा त्यात संबंधच नाही. भाचा रात्री दीड-दोनपर्यंत जागतो, ते चुकीचंच आहे. अक्काने त्यावर बोलावं, मीही बोलणार आहे. पण तो पैलवान घेऊन खेळला असता तरी तेवढाच जागला असता.

पुरुष खेळाडू गेममध्ये बाईचं पात्र का घेतात? मी स्वतः सहा वर्षं ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एक पात्र घेऊन त्याच्या रूपात खेळायचे गेम, खेळतोय आणि माझं मुख्य पात्र बाई आहे, त्यामुळे हे मला ऐकीव माहितीवर सांगायचं नाही. या गेममध्ये आपलं पात्र आपल्याला मागून दिसतं, तासन्‌तास. काहीजण जे बघायला आवडतं ते घेतात. काही गेममध्ये पर्यायच नसतो. 'लॉस्ट आर्क'मध्ये कित्येक प्रकारचे योद्धे फक्त एकाच लिंगात मिळतात, 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये एका टीममध्ये चार पात्रं फिरवायची असतात आणि त्यातली बरीच बायका असतात. मेसेज खरा धरला तर तो खेळणारा एकही पोरगा शिल्लक राहू नये. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, "मामा, आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे गेममधल्या गटात, हीलर, जखमींना बरं करणारं, कुणी नव्हतं. जी चांगली दिसली ती घेतली."

यावर नीट अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या रोझा मिकील मार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या गेममध्ये खास एक मोहीम तयार केली आणि 375 खेळाडूंना ती खेळायला लावून त्यांचं बोलणं, हालचाली, सगळं नोंदवलं. 2014 साली ते प्रसिद्ध झालं. पुरुषांपैकी 23 टक्क्यांनी बाईचं पात्र घेतलं, बायकांपैकी 7 टक्क्यांनी पुरुषाचं. बाई घेतलेल्या पुरुषांच्या गप्पांत भावनेचे शब्द थोडे वाढले, उद्गारचिन्हं वाढली. पण उड्या मारणं, मागे मागे सरकणं, घोळक्यापासून लांब उभं राहणं, या सवयी त्यांच्या त्यांनाच कळल्या नाहीत आणि सुटल्याही नाहीत. चालण्यावरून आतला पुरुष ओळखू येत होता. आपण बाई आहोत असं भासवणं हा त्यांचा हेतू असेलच असं नाही, असंही या संशोधकांना दिसलं. चारातला जवळजवळ एक पुरुष असा खेळतो. एवढी माणसं आजारी पडली असती तर ते कळायला बिल्डिंगच्या ग्रुपची गरज लागली नसती.

माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 66 ड वाचायला पाच मिनिटं लागतात. संगणक किंवा मोबाईल वापरून, दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक केली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. फसवणूक हा त्यातला मुख्य शब्द आहे. मुलगी असल्याचं भासवून कुणाकडून पैसे उकळले, तर तो गुन्हाच, आणि असे भामटे आहेत हे मी नाकारत नाही. कुणी फसलं असेल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. पण गेमने समोर ठेवलेल्या यादीतून एक पात्र निवडणं ही फसवणूक नाही. परदेशी कंपन्यांचं म्हणाल, तर त्या पात्रांना तोकडे कपडे घालतात ते विक्रीसाठी, आणि त्याचा मलाही राग येतो. पण ती तक्रार वेगळी.

एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यातही आली नसेल. बाईचं पात्र घेतल्यावर पहिल्या आठवड्यात मला अनोळखी लोकांचे निरोप यायला लागले. कुठली आहेस, फोटो पाठव, नंबर दे. उत्तर नाही दिलं की शिवी. मी पुरुष आहे म्हटल्यावर थांबायचे. माझी चुलतबहीण त्याच गेममध्ये दाढीवाला योद्धा घेऊन खेळते, माईक कायम बंद, कारण तिला "मी पुरुष आहे" म्हणून सुटता येत नाही. पोरांवर संस्कार करायचे असतील तर या निरोप पाठवणाऱ्यांवर करा.

आणि "आपल्या संस्कृतीत नव्हतं" हे वाक्य सोलापूर जिल्ह्यात बसून कुणी पुढे पाठवावं याचं मला फार वाईट वाटलं. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. विठ्ठलाला माऊली म्हणत लोक शेकडो मैल चालत येतात. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत बोलणारी विरहिणी आहे. एकनाथांच्या भारुडात भवानीआईला रोडगा कबूल करणारी सून आहे, आणि ती सून साडी नेसून उभी करणारे पुरुष सोलापूरकरांनी पाहिलेत. मराठी माणसाने, दादासाहेब फाळक्यांनी, केलेल्या 1913च्या चित्रपटात, 'राजा हरिश्चंद्र'मध्ये, तारामती झाले अण्णा साळुंके. 1917च्या 'लंकादहन'मध्ये राम तेच आणि सीताही तेच. बालगंधर्व 1911 साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाला भामिनी म्हणून उभे राहिले, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली होती. शालूच्या आत एक बाप होता. घराघरांतल्या बायकांनी त्यांचं नेसणं उचललं, सरकारने 1964 साली पद्मभूषण दिलं.

गणपत पाटलांची गोष्ट मात्र दुसरी. तमाशापटांत त्यांनी नाच्या इतका खरा केला की लोकांनी तो त्यांच्या अंगाला चिकटवला. बायकोमुलं असलेला हा माणूस, आणि टोमणे त्यालाही ऐकावे लागले आणि घरच्यांनाही. त्यांना भूमिकेने काही केलं नाही. जे केलं ते बघणाऱ्यांनी केलं. भाच्याचंही तसंच झालंय. गेममधल्या बाईने त्याचं काही बिघडवलं नाही, मंगळवारी रात्री घरात जे झालं त्याने बिघडवलं.

एक शेवटचं, आणि हे मी अक्कालाही बोललो. समजा एखादं पोर गेममध्ये बाई होऊन खेळतं, कारण त्याला आत खरंच काही वेगळं वाटतंय. तसंही असू शकतं. ते गेमने घातलेलं नसतं, गेम फक्त त्याला एक मोकळी जागा देतो. ज्या संघटनेचं नाव मेसेजमध्ये आहे, तिनेच त्याच 11व्या वर्गीकरणात असं वाटण्याला मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढलंय. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केलाय. त्या पोराला जवळ घेऊन बसणारं माणूस लागतं. मारलं की ते एवढंच शिकतं, की घरात बोलायचं नाही.

अक्का गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "मी पण पुढे पाठवला रे, चौघींना." त्यातल्या एकीचा मुलगा नववीत आहे, त्याचा आवाज अजून फुटलेला नाही. मेसेज वाचून तिने अक्काला तेवढंच विचारलं होतं. अक्का आज संध्याकाळी तिच्या घरी जाणार आहे, फोनवर नको म्हणाली. दाजींशी मी रविवारी बोलतोय. कपाटाची किल्ली अजून त्यांच्याच खिशात आहे.